'नाही'वाल्या डोलोरेसबाई

अमेरिकेत नेब्रास्कातल्या टर्नर्स ग्रोव्ह गावात कुणाला कशाला विरोध करायचा असला की तो आधी डोलोरेस हेवरकँप यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा. बाई साठी ओलांडलेल्या, विधवा. गावच्या धान्यकोठारावर येणाऱ्या मक्याच्या ट्रकांचं वजन करण्यात सगळं आयुष्य गेलं. आवाज कधी चढायचा नाही, पण एकदा ठरलं की ठरलं.

शाळेच्या बांधकामासाठी कर्ज काढायचं आणि गावाने ते जमिनीवरच्या करातून फेडायचं, हा प्रस्ताव त्यांनी गावच्या मतदानात दोनदा पाडला होता. त्याला कारण होतं. मागे एकदा शाळा मंडळाने छपरासाठी म्हणून वाढीव कर घेतला आणि फुटबॉलच्या मैदानावर प्रेक्षकांसाठी नवी गॅलरी उभी केली. छप्पर गळतच राहिलं. तेव्हापासून शाळेचं नाव निघालं की बाई म्हणायच्या, "आधी गॅलरीवरून उतरा, मग बोलू." त्यांचा धाकटा भाऊ लीलंड याची शेती मोठी, म्हणजे कराचा बोजाही त्याच्यावर मोठा. बहीणभाऊ मिळून रस्तोरस्ती 'नाही'च्या पाट्या ठोकायचे.

तिसऱ्या वेळी 'हो'वाले जिंकले. थोडक्या मतांनी, पण जिंकले.

पंधरवड्याने शाळांचे नवे अधीक्षक वेंडेल प्रुइट बाईंच्या दारात उभे राहिले. उंच, हडकुळा माणूस, नेब्रास्काच्या वाऱ्याला अजून न सरावलेला. बाईंनी कॉफी दिली, पण बसा म्हणाल्या नाहीत.

"हेवरकँपबाई, बांधकामाचं नियोजन करायला समिती नेमतोय. तुम्ही त्यात हव्या आहात."

"माझं तोंड बंद करायला?"

"तोंड बंद केलेली माणसं माझ्याकडे पुष्कळ आहेत."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी कपात बुडवलं. "मी 'नाही'ला मत दिलंय."

"म्हणून तर आलोय. गावातली निम्मी माणसं माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत. तुमच्यावर ठेवतात."

"मी काही त्यांची जामीन नाही," बाई म्हणाल्या. "येईन, पण आधी शाळा बघणार. तुम्ही दाखवाल ती नाही, मला हवी ती."

जानेवारीतल्या एका सकाळी, बाहेर नाकातला श्वास गोठत असताना, त्या शाळेत गेल्या. इमारतीत शिरून त्यांना कितीतरी वर्षं झाली होती. पहिल्याच वर्गात मुलं बाह्या वर करून बसली होती आणि खिडक्या सताड उघड्या होत्या.

"हे काय? एवढ्या थंडीत?"

"बॉयलर जुना आहे," प्रुइट म्हणाले. "या बाजूला उष्णता कमी करता येत नाही. खिडक्या उघडल्या नाहीत तर मुलांना भोवळ येते."

बाई आयुष्यभर अनावश्यक दिवा बंद करत आलेल्या. उघड्या खिडकीपाशी जाऊन त्यांनी बाहेर जाणाऱ्या त्या उबेत हात धरला. "म्हणजे आपण आभाळ तापवतोय," त्या पुटपुटल्या.

समोरच्या वर्गात उलटंच. दुसरीची मुलं कोट घालून बसलेली. त्यांच्या बाई, मिस प्रिएटो, बोटं कापलेले हातमोजे घालून फळ्यावर लिहीत होत्या. खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी टोपी कानापर्यंत ओढून वाचत होती. डोलोरेसबाई तिच्याशेजारी वाकल्या.

"तू अशी खिडकीपाशी का बसलीस गं? थंडी नाही वाजत?"

"या आठवड्यात खिडकीपाशी बसायची पाळी माझी," मुलगी म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. "पुढच्या आठवड्यात आयझॅकची."

मिस प्रिएटो हळूच म्हणाल्या, "एकाच मुलाला सारखं गारठवायचं नाही, म्हणून जागा बदलतो."

घरी जाऊन डोलोरेसबाईंनी प्रुइटना फोन केला. "समितीची बैठक कधी आहे?"

लीलंडला कळलं तेव्हा तो रविवारच्या जेवणाला नेहमीसारखा आला होता. ताटातलं भाजलेलं मांस तसंच ठेवून तो म्हणाला, "ताई, तू त्यांच्यात जाऊन बसणार?"

"त्यांच्यात नाही. त्यांच्या समोर."

"कर मी भरणार आणि माझीच बहीण नकाशे निवडणार. छान."

"कर मीही भरते."

"तुझं नुसतं परसदार आहे. माझी शेतं आहेत." तो उठला, टोपी घातली आणि गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाई एकटीपुरतं शिजवायला शिकल्या, तेवढं त्यांना जड गेलं.

समिती शाळेच्या वाचनालयात भरायची. ओमाहाहून आर्किटेक्ट यायची, टेबलावर नकाशे पसरायची. पहिल्या नकाशात प्रवेशद्वारापाशी काचेचा उंच मंडप होता. "हा कशासाठी?" बाईंनी विचारलं. "स्वागताची भावना," आर्किटेक्ट म्हणाली. "दार उघडणारा माणूस ठेवा, तो स्वागत करेल," बाई म्हणाल्या, आणि मंडप गेला. वसंत ऋतू सरेपर्यंत ठरलं: नवी तापनयंत्रणा, नव्या खिडक्या, छप्पर, विज्ञानाची खोली, आणि बास्केटबॉलसाठी नवं क्रीडागृह.

मग टेंडरं उघडली. भाव इतके वाढले होते की काहीतरी गाळल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

समितीत कर्ट व्हँडरस्लूट होता. विम्याचा धंदा करणारा, खेळांसाठी वर्गणी गोळा करणारा, मनाने चांगला माणूस. तो म्हणाला, "क्रीडागृह आधी करू. लोकांना डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी हवं. ते पाहून लोक पुढच्या वेळी आनंदाने मत देतील. बॉयलर तोवर दुरुस्त करून चालवू." माना डोलल्या. क्रीडागृहात गाव जमतं, लग्नाच्या मेजवान्या होतात. बॉयलर तळघरात असतो, त्याच्याशी कुणाचं काही नातं नसतं.

"मतदानाआधी आपण लोकांना सांगितलं होतं की आधी वर्ग," डोलोरेसबाई म्हणाल्या.

"डोलोरेस, तू तर 'हो'ला मतच दिलं नव्हतंस," कर्ट हसत म्हणाला.

तो हसला नसता तर बाईंना कदाचित इतकं लागलं नसतं. प्रुइटनी निर्णय शाळा मंडळाच्या खुल्या सभेवर सोपवला. त्या संध्याकाळपासून बाईंनी गाडी काढली आणि एकेक घर घेतलं, पण 'हो'वाल्यांचं नाही. ज्यांना त्यांनी स्वतः 'नाही' म्हणायला शिकवलं होतं, त्यांची दारं ठोठावली. "सभेला या," एवढंच सांगायचं. कुणी म्हणालं, "आता तू त्यांची झालीस." कुणी दार लावून घेतलं. बाई पुढच्या घराकडे वळायच्या.

शेवटी त्या लीलंडच्या शेडपाशी गेल्या. तो ट्रॅक्टरखाली होता, नुसते बूट दिसत होते.

"लीलंड, गॅलरीसारखंच पुन्हा होतंय."

बूट हलले नाहीत. "मग? मी सांगत होतो ना?"

"सांगत होतास. आता तेच तिथे येऊन सांग."

"शाळेसाठी मी एक पाऊल टाकणार नाही."

"शाळेसाठी नको टाकूस. फसवणूक होऊ द्यायची नाही म्हणून टाक."

खालून पान्याचा आवाज येत राहिला. बाई निघून आल्या.

सभेच्या दिवशी दालन भरलं. 'नाही'वाले भिंतींना टेकून उभे होते, हाताची घडी घालून. कर्ट प्रामाणिकपणे बोलला, टाळ्या मिळाल्या. डोलोरेसबाई उभ्या राहिल्या आणि दुसरीच्या वर्गात पाहिलं ते सांगितलं. आठवड्याआठवड्याला बदलणारी खिडकीची पाळीही सांगितली. तरी मंडळाच्या चेहऱ्यांवरून काही कळेना.

तेव्हा मागून लीलंड पुढे आला. हात नीट धुतलेले नव्हते.

"मी 'नाही'ला मत दिलं," तो म्हणाला. "उद्या पुन्हा विचाराल तर पुन्हा 'नाही'च. पण तुम्ही जिंकलात. जिंकताना ह्याच खोलीत म्हणालात, वर्ग गरम करू, छप्पर धड करू, उरलं तर खेळाचं बघू. मी हरलो ते त्या बोलण्यापुढे. दुसऱ्या कशापुढे नाही. ज्याने मला हरवलं तेच बांधा." आणि तो खाली न बसता थेट बाहेर गेला.

मंडळाच्या सदस्यांची मतं मोजली गेली. एका मताने क्रीडागृह मागे पडलं. तिथली जुनी लाकडी जमीन तेवढी बदलायची ठरली.

उन्हाळाभर शाळा उकरलेली होती. बाई रोज एक चक्कर मारायच्या. त्यांना लांबून पाहिलं की मुकादम सिगारेट विझवायचा. काम रेंगाळलं, सप्टेंबरात शाळा उघडली तेव्हा लहान मुलांचे वर्ग लुथेरन चर्चच्या तळघरात भरवावे लागले, पालक चिडले, आणि त्यांचे फोन प्रुइटऐवजी बाईंना येऊ लागले. बाई प्रत्येकाला एकच सांगायच्या, "होईल. अर्धवट सोडू देणार नाही." ऑक्टोबर संपताना नव्या यंत्रणेतून पहिली ऊब निघाली, दोन्ही बाजूंना सारखी.

मक्याची कापणी उरकल्यावर एका रविवारी लीलंड आला. जेवायला बसला. दुसऱ्यांदा बटाटे वाढून घेताना म्हणाला, "कराची नोटीस आली."

"मलाही आली."

"फार आहे."

"आहे खरं," बाई म्हणाल्या, आणि मग त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे ते विचारलं.

हिवाळा सरताना कर्ट व्हँडरस्लूट आला. या वेळी हसला नाही. क्रीडागृहासाठी पुन्हा मतदान घ्यायचं म्हणत होता.

"पैसे कमी पडले तर काय गाळणार?" बाईंनी विचारलं.

तो विचारात पडला. "वरच्या खुर्च्या. आणि गुणफलक जुनाच चालवू."

"हे मंडळापुढे उभा राहून बोल. मग माझ्याकडे ये."

कर्ट बोलला. नुसता बोलला नाही, चिडलेल्या खेळप्रेमींपुढे तासभर ठामपणे उभा राहिला. दुसऱ्या दिवशी डोलोरेसबाईंनी कोटाची बटणं लावली आणि एल्म रस्त्याच्या पहिल्या घराची घंटा दाबली. दार म्हाताऱ्या ऑर्व्हिलने उघडलं. त्याने प्रत्येक वेळी त्यांच्याच सांगण्यावरून 'नाही'ला मत दिलेलं.

"ऑर्व्हिल, क्रीडागृहाला 'हो' म्हणायचंय."

त्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुला बरंबिरं नाही का गं?"

"आत घे आधी," बाई म्हणाल्या. "समजवायला वेळ लागणार आहे."