सायलेंसरातलं सोडण

आमच्या शेजारचे चाचा डॉक्टर झाले असते, तर त्यांचा रोगी एक तर हसून बरा झाला असता, नाहीतर निदानाची वाट बघत म्हातारा झाला असता. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांच्या वेळची, गोल दिव्यांची गाडी आहे. तिच्यासमोर ‘बिघडली’ म्हणायचं नाही, ‘तब्येत बरी नाही’ म्हणायचं. दुखणं शोधताना ते आधी पेट्रोलचा वास घेतात, मग बांबूची काठी इंजिनावर टेकवून दुसरं टोक कानाला लावतात आणि डोळे मिटतात. एकदा ते तसेच झोपले होते. आम्ही कोणी उठवलं नाही. गाडी घरी आली की मुरुडची खारी हवा तिच्या पोटात जाऊ नये, म्हणून सायलेंसरच्या तोंडात नारळाचं सोडण, म्हणजे सोललेली जाड साल, कोंबतात. “चाळीस वर्षांत एकदा अडली न्हाय. माझ्या हाताचा गुण हाय!” चाची मात्र गाडीत बसताना नेहमी मागून वळसा घालून येते. “सरळ बसली तर पाप लागेल हिला,” असं चाचा चिडवतात.

त्या दिवशी अकरा वाजता अलिबागला माझी तोंडी परीक्षा होती आणि सकाळची एस.टी. आलीच नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. परीक्षा चुकली तर कोणाला भेटायचं, हेसुद्धा घरात कोणाला ठाऊक नव्हतं. बाबा चाचांच्या बागेत नारळ उतरवतात. त्यांनी घाबरतच विचारलं.

“बस गं बेटी, पोचवतो,” चाचा म्हणाले. चाचीशिवाय ते गाडी कधी काढत नसत; ती मुलीच्या बाळंतपणाला कुवेतला गेल्यापासून गाडी हलली नव्हती.

चावी फिरवली. गाडीने एक उचकी दिली आणि गप्प झाली. वास घेऊन झाला, काठी लावून झाली, प्लग पुसून झाले. साडेआठ वाजले. माझ्या हातातली फाईल घामाने ओली झाली.

“चाचा, काय म्हणते?” बाबांनी विचारलं.

“थांब रे, आत्ता कुठं बोलायला लागलीय.”

“तिचं बोलणं होईस्तोवर पोरीची परीक्षा होईल!”

शेवटी ढकलायचं ठरलं. मी मागे वाकले, तर समोर सोडण. चाचांची चूक दाखवायला माझी जीभ रेटेना. “चाचा... हे निघताना कोण काढतं?”

चाचा आले, बघत राहिले. “मी तर कधीच न्हाय काढलं,” ते हळूच म्हणाले. मग चाचीने गाडीला मागून घातलेला तो वळसा आम्हा तिघांनाही एकदमच कळला.

चाचांनी सोडण काढून आपल्या शेजारी ठेवलं, तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. मी पाच मिनिटं आधी पोचले.

संध्याकाळी परीक्षा बरी गेली हे सांगायला गेले, तेव्हा ते पायरीवर बसून कुवेतला फोन करत होते. “हो गं, एका झटक्यात सुरू झाली. अडतेय कशाला?” सायलेंसरचं तोंड उघडंच होतं. सोडण त्यांच्या मांडीवर होतं. जरा थांबून ते म्हणाले, “पण तू कधी येतेस?”