भुरसाटोल्याचा हिरवा चुडा

कुरखेड्याच्या बसस्टँडमागे राहणारे बांगडीवाले बाबूभाई मनिहार गाडी चालवतात तेव्हा त्यांचं निम्मं लक्ष पाठीमागे असतं. मोटरसायकलच्या दोन्ही अंगांना लाकडी पेट्या बांधलेल्या, पेट्यांत धानाची तणस आणि तणशीत दोऱ्यात ओवलेल्या काचेच्या बांगड्यांच्या लडी. लडी घट्ट बसलेल्या असल्या की पेट्या गप्प असतात. एखादी सैल पडली की बारीक किणकिण सुरू होते. मग बाबूभाई गाडी थांबवतात, झाकण उघडतात आणि मूठभर तणस आत दाबून पुन्हा निघतात.

वय पासष्टीच्या पलीकडे, अंग काटकुळं, दाढी मेंदीने लाल, डोक्याला गमछा. त्यांचे वडील खांद्यावर कावड घेऊन डोंगरातल्या टोल्याटोल्यांवर, लहानलहान वस्त्यांवर, पायी जायचे. बाबूभाईंनी मुलगा फैज जन्मला त्या वर्षी जुनी गाडी घेतली आणि वडिलांच्या पायवाटांवर चाकं घातली. डोंगरातल्या बायकांचे चेहरे त्यांना फारसे आठवत नाहीत. मान वर करून बघायची त्यांची सवयच नाही. हात मात्र ते विसरत नाहीत. तेंदूपानं बांधणारा हात, रोवणीने भेगाळलेला हात, नुकता बाळंतपणातून उठलेला हात. माप ते कधी घेत नाहीत. समोरचा पंजा आपल्या दोन्ही तळव्यांत धरायचा, अंगठ्याच्या मुळाशी हळूहळू दाबत राहायचं आणि इकडचं तिकडचं विचारत राहायचं. बोलता बोलता हात मऊ पडतो आणि बांगडी कधी चढली ते बाईलाही कळत नाही.

मागच्या पावसाळ्यात ते चिखलात पडले आणि उजवं मनगट दुखावलं. तेव्हापासून फैज मागे लागला होता. त्याचं बसस्टँडसमोर बांगड्यांचं चांगलं दुकान आहे, पंखा आहे, आरसा आहे. "अब्बा, आता खुर्चीवर बसून भरा ना बांगड्या," तो म्हणायचा. बाबूभाई हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत.

एप्रिलच्या सुरुवातीला भुरसाटोल्याहून फोन आला. सुकलूची मुलगी दिव्या, गडचिरोलीला नर्सिंग शिकणारी. "मामा, उद्या दुपारी माही हळद हाय. चुडा तुमच्याच हातानं भरीन, बाजारातला मले नाई पायजे." त्या टोल्यावर रीतच अशी आहे की हिरवा चुडा भरल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. आणि नेमका खालच्या रस्त्यावरचा पूल नव्या बांधकामासाठी तोडलेला. उरली ती डोंगरावरून जाणारी जुनी वाट. तिच्यावरून पूर्वी बांबूच्या गाड्या उतरायच्या. आता तिथे बैलबंडीही जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फैजने पेट्या बांधायला मदत केली, पण गाठ मारताना म्हणाला, "जा तुम्ही. पण यात एक जरी फुटली, तर डोंगर बंद."

"मनिहाराचा पोरगा होऊन फुटली म्हणते," बाबूभाई म्हणाले. "वाढली म्हणाव."

"बरं, वाढली. तरी डोंगर बंदच."

"कबूल," म्हणून बाबूभाईंनी किक मारली.

चढ सुरू झाला तसं जग लहान होत गेलं. पुढच्या चाकासमोर जेवढा दगड तेवढंच जग. कोरड्या नाल्यातले गोटे चाकाखालून निसटायचे, मागचं चाक मुरूम उडवत जागीच फिरायचं. बाबूभाई पायदानांवर उभे राहिले, गुडघे सैल सोडले आणि हादरे अंगावर घेऊ लागले, म्हणजे पेट्यांपर्यंत कमी पोचतील. एका खडकापाशी उतरून त्यांनी गाडी खांदा लावून वर चढवली. घामाने डोळे चुरचुरले. पेट्या गप्प होत्या.

माथ्यावर पोचले आणि इंजिनाचा आवाजच बदलल्यासारखा झाला. वर सपाट रान होतं. कुसुमाची झाडं कोवळ्या पालवीने लालभडक, त्यांतून येणारं ऊनही लालसर. मोह वेचायला सोपा जावा म्हणून लोकांनी झाडांखालचा पाचोळा जाळला होता. त्याचा निळा धूर कमरेइतका खाली तरंगत होता आणि त्यात मोहफुलांचा गोड, जड वास मिसळला होता. त्या वासात माणसाला आपलं वय आठवत नाही. बाबूभाईंना वाटलं, वडील पुढे चालले आहेत, कावड हलते आहे, आपण फक्त मागे मागे जायचं.

समोर वाटा फुटल्या होत्या. त्यांनी नेहमीसारखी तुडवलेली, पायांनी गुळगुळीत झालेली वाट धरली. ती वळत वळत एका मोहाखाली गेली आणि तिथेच संपली. काळी स्वच्छ जमीन, तिच्यावर मोत्यांसारखी पिवळट फुलं. ते परत फिरले, दुसरी गुळगुळीत वाट धरली. तीही एका मोहाखाली जाऊन संपली. तिसरीही तशीच. दर वेळी एक झाड, दर वेळी तीच शांतता, आणि टप्, टप् पडणारी फुलं. ऊन वर आलं तेव्हा ते दचकले. तिकडे हळद वाटून झाली असेल.

चौथ्या झाडाखाली एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. भुरसाटोल्याचीच, सुगंधाबाई.

"काय जी बांगडीवाले भाऊ, मोह वेचाले आले का? टोपली कुठी हाय?"

"हसू नका बाई. गावाकडचा रस्ता कुठी हाय?"

"मांगच सोडून आले तुम्ही तो. इकडं काऊन वळले?"

"तुडवलेली वाट दिसली, वळलो."

सुगंधाबाई इतकी हसली की तिच्या ओटीतली फुलं सांडली. "आमचेच पाय होत ते! या दिवसांत सारं गाव झाडाखाली राह्यते. गावाकडं कोण जाऊन राह्यलं? ज्या वाटेवर पाचोळा पडून हाय, ते वाट गावची. आता पळवा तुमचं घोडं, पोरगी उपाशी बसून असंल."

पाचोळ्याची वाट सापडली, पण उशीर झाला होता. उतारावर खडकांच्या ओबडधोबड पायऱ्या होत्या आणि पाचोळ्याखाली काय दडलंय ते दिसत नव्हतं. एक हात ब्रेकवर, एक क्लचवर, दोन्ही मुठी आवळलेल्या. उजव्या मनगटातून कळ खांद्यापर्यंत जात होती. अर्ध्या उतारावर डावी पेटी बोलायला लागली. किण, किण. गाडी झाडाला टेकवून त्यांनी झाकण उघडलं. तणस दबून भुगा झाली होती, आणि जास्तीची तणस त्यांनी मघाशी माथ्यावर, चुकलेल्या वाटांवरून फिरतानाच संपवली होती. त्यांनी डोक्याचा गमछा सोडला, तो लडींभोवती गुंडाळून घट्ट दाबला. पेटी गप्प झाली. उघड्या डोक्याने, उन्हात, ते पुढे उतरत राहिले.

सुकलूच्या अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव उभा होता. "आले, आले, बांगडीवाले आले!" बायका उठून उभ्या राहिल्या. दिव्या पाटावर बसली होती. तिची आई ललिता हळदीची वाटी घेऊन केव्हाची ताटकळली होती. बाबूभाईंनी पेट्या उघडल्या, गमछा सोडला, लडी मोजून पाहिल्या. हिरवी काच जशीच्या तशी. एकही तडा नाही. त्यांनी मनातल्या मनात फैजला हसून घेतलं.

मग त्यांनी दिव्याचा हात हातात घेतला आणि त्यांना कळलं की आपल्या बोटांत अजून गाडी चालू आहे. अंगठ्याला स्पर्शच कळेना. दाबावं तर जोर कुठे पडतो ते समजेना. तरी पहिली बांगडी त्यांनी चढवायला घेतली. हाडापाशी ती अडली, आणि कट् झालं.

मांडवातल्या बायका पुढे झुकल्या.

"वाढली, वाढली," कोणीतरी घाईने म्हणालं. पण ललिताबाईचा चेहरा उतरला. मागून एक आवाज आला, "नवरीची पहिलीच!"

बाबूभाईंनी हात मागे घेतले. डोंगरावर एकही न वाढलेली बांगडी इथे, या हातात वाढली होती. "ललिताबाई," ते म्हणाले, "कोणाले बी बोलवा. माह्या हातून आता नाई होत."

"कोणाले बोलवाचं नाई," दिव्या म्हणाली. "मामा, हात द्या इकडं."

"माहे हात?"

"हो जी, तुमचेच."

तिने त्यांचा उजवा पंजा आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी हळूहळू दाबायला लागली.

"दवाखान्यात शिकवते का हे?" सुकलूने विचारलं.

"दवाखान्यात कुठी? मामाच करते ना दर सालं," दिव्या म्हणाली. मग बाबूभाईंना विचारू लागली, रहमतबी मामी कशा आहेत, फैजचं दुकान कसं चाललंय, रस्त्यात कोण भेटलं. बाबूभाईंनी सुगंधाबाईची गोष्ट सांगायला सुरुवात केली. बायका हसू लागल्या. सांगता सांगता त्यांचे डोळे मिटले. धूर, लाल ऊन, काळ्या जमिनीवरची फुलं. टप्. टप्. इंजिन कुठेतरी दूर बंद झालं. दिव्याने उजवा हात सोडून डावा घेतला तेव्हा त्यांना तिच्या बोटांची ऊब कळली.

त्यांनी डोळे उघडले आणि तिचाच हात धरला. या वेळी ते काही बोलले नाहीत. एक बांगडी गेली. दुसरी गेली. मग मोजायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. दोन्ही मनगटं हिरवीगार होईपर्यंत फक्त काचेवर काच टेकल्याचा आवाज येत राहिला. चुडा भरून झाल्यावर दिव्या वाकून त्यांच्या पाया पडली, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी दुवा पुटपुटली. ललिताबाईने पहिली हळद लावली.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. फैज.

"अब्बा, पोचले? माल?"

"पेटीत एक बी नाई वाढली."

"सच्ची?"

लपवता आलं असतं. "हातात वाढली एक. नवरीच्या. गाडीनं बोटं सुन्न झाली होती."

फैज हळूच म्हणाला, "मग? काय ठरलं समजायचं?"

"एकच ठरलं. यापुढं आदल्या दिवशी निघीन. गाडी आधी पोचते रे, हात मागून येते."

"अब्बा, आपली बोली काय झाली होती..."

पण समोर पाटावर पुढची बाई येऊन बसली होती आणि तिने हात पुढे केला होता. हात धरायला दोन्ही हात लागतात. बाबूभाईंनी फोन पेटीच्या झाकणावर ठेवून दिला आणि तो शेणामातीने खरखरीत झालेला पंजा तळव्यांत घेतला. झाकणावरून फैजचा आवाज येत राहिला, "अब्बा? ऐकून राह्यले का? अब्बा?"

"कोणाचा फोन हाय जी?" त्या बाईने विचारलं.

"पोराचा," बाबूभाई म्हणाले. "तुमचा मोह कसा पडून राह्यला औंदा?"