हाँगकाँगच्या संघाला दिलेली तारीख

मी आयुष्यात कधी फुटबॉलला पाय लावलेला नाही. तरीही सिंगापूरच्या एका कॉलेजात फुटबॉल संघ पाच-सहा वर्षं माझ्या गळ्यात होता. तिथे प्रत्येक शिक्षकाला वर्गातल्या शिकवण्याशिवाय मुलांचं आणखी काहीतरी सांभाळावं लागे. मी संख्याशास्त्र शिकवायचे आणि नवीन होते. नाटक, वादविवाद, बुद्धिबळ ही चांगली चांगली स्थळं आधीच खपली होती. उरला होता फुटबॉल.

खेळ शिकवायला अर्थातच कोच होते. मलय गृहस्थ, साठीला टेकलेले, उजव्या गुडघ्याला कायमचा पट्टा. माझं काम कागदावरचं. मैदान मिळवायचं, बस ठरवायची, आणि प्रतिस्पर्धी निवडायचे. लीगमधले सामने कोणाशी हे लीगवालेच ठरवत, तिथे आम्हाला कोणी विचारत नसे. पण लीगबाहेरचे चार मैत्रीचे सामने वर्षाला खेळायचे असत, आणि ते कोणाशी खेळायचे हे सर्वस्वी माझ्या हातात होतं.

हे काम मी फार मन लावून केलं. मुलीसाठी स्थळं बघावीत तशी मी संघांची माहिती काढायचे. गेल्या दोन वर्षांत किती हरले, गोलकीपर नवा आहे का, परीक्षा कधी आहेत. मग तक्ता करून त्यातले सगळ्यांत दुबळे चार उचलायचे. एक संघ तर रॅफल्स प्लेसच्या बँकवाल्यांचा होता, त्यातले तिघे माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले. त्यांची पोटं मी आमच्या गणपतीत मोदक वाढताना जवळून बघितली होती. त्यांना आम्ही दरवर्षी हरवायचो. प्रिन्सिपल वर्षअखेरीला अहवालात फक्त 'जिंकले' हा रकाना बघत आणि माझ्याकडे बघून मान डोलावत. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मी स्वतःवर खूश होते.

कोच मात्र दरवर्षी एकच नाव घ्यायचे. हाँगकाँगचं एक कॉलेज होतं, त्यांचा संघ एक वर्षाआड दौऱ्यावर निघायचा. मी जबाबदारी घेतली त्याच्या आदल्या वर्षी ते आमच्याकडे येऊन गेले होते आणि सात-शून्य असं धुऊन गेले होते. त्यानंतर कॉलेजने त्यांचं नाव काढलं नव्हतं. कोच म्हणायचे, "मॅडम, हाँगकाँगला विचारू या?" आणि माझ्याकडे कारण तयार असे. एका वर्षी सार्सची साथ होती, ते कारण तरी खरं होतं. पुढच्या वर्षी मैदानाची दुरुस्ती. त्याच्या पुढच्या वर्षी परीक्षा. कोच वाद घालत नसत. "ओके, मॅडम," म्हणायचे आणि बँकवाल्यांच्या पोटांसमोर मुलांना उभं करायचे.

आम्ही दोघंही पासिर रिसला राहायचो, त्यांचा ब्लॉक आमच्यापासून चार ब्लॉक पलीकडे. सरावाच्या दिवशी एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, बरोबरच घरी यायचो. दोन हजार सहाच्या जानेवारीत असंच येताना ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुढच्या वर्षीचा मोसम झाला की मी थांबणार. गुडघा नाही म्हणतोय. जाण्याआधी त्या लोकांशी एकदा खेळायचंय. जिंकायचं म्हणत नाही मी. आमची पोरं त्यांच्यासमोर नव्वद मिनिटं उभी राहतात का, ते बघायचंय."

त्या माणसाने चार वर्षांत माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं. म्हटल्याबरोबर डोळ्यांसमोर प्रिन्सिपलचा रकाना उभा राहिला.

हाँगकाँगवाल्यांचं उत्तर आठवडाभरात आलं. यायला आवडेल, पण त्यांना दोनच तारखा जमण्यासारख्या होत्या. एक दोन हजार सातच्या सप्टेंबरची अखेर, दुसरी ऑक्टोबरचा तिसरा शनिवार-रविवार. यातली एक ताबडतोब कळवा, म्हणजे पुढे बँकॉकचा सामना त्याभोवती बसवता येईल.

आता इथे माझी हुशारी सुरू होते. आमच्या संघातली अर्ध्याहून जास्त मुलं मलय मुसलमान असायची, म्हणजे रमजानचा महिना टाळायला हवा हे मला कळत होतं. दोन हजार सातच्या सुट्ट्यांची सरकारी यादी अजून निघालेली नव्हती. पण मला यादीची काय गरज? लागोपाठ दोन वर्षं मी बघत होते, आपली दिवाळी आणि त्यांची ईद एकाच आठवड्यात येत होती. लिटल इंडियात आणि गेलांग सराईच्या मलय वस्तीत एकदमच दिवे लागायचे. तेव्हा प्रश्न एवढाच, की दोन हजार सातची दिवाळी कधी. मी पुण्याला आईला फोन लावला.

"त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे," आईने ताबडतोब सांगितलं. "दिवाळी लांबणार. नोव्हेंबर उजाडेल. का गं? अनारसे पाठवायचेत का जावयाला?" मागच्या धोंड्याच्या महिन्यात तिने कोणाबरोबर तरी तेहतीस अनारसे पाठवले होते, त्यातले अखंड पोचले सतरा.

दिवाळी नोव्हेंबरात, म्हणजे ईद नोव्हेंबरात, म्हणजे रोजे ऑक्टोबरात. ऑक्टोबरची तारीख बाद. मी सप्टेंबर कळवून टाकला. हिशेब इतका सरळ होता की तो कोणाकडून तपासून घ्यावा असं मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन मैदानावर गेले आणि कोचना म्हटलं, "तारीख ठरली. आणि रोजे मुद्दाम टाळलेत हं मी." शेवटचं वाक्य मी जरा नाक वर करूनच बोलले असणार. कोचनी कागद हातात घेतला. बराच वेळ बघितला. कॅप काढली, पुन्हा घातली. मग सिंगापुरी पद्धतीने, चालेल म्हणायला, म्हणाले, "कॅन, मॅडम. थँक यू."

काही महिन्यांनी सुट्ट्यांची यादी स्टाफरूमच्या फळ्यावर लागली. मी दिवाळीची तारीख बघायला गेले. ती माझ्या आईच्या शब्दाप्रमाणे नोव्हेंबरातच होती. ईद मात्र तिच्या जवळपास कुठे नव्हती. ती ऑक्टोबरच्या मध्यावर जाऊन बसली होती. मी बोटाने एक महिना मागे मोजत गेले. सप्टेंबरची अखेर रोज्यांच्या बरोबर मधोमध आली. मी नाकारलेल्या ऑक्टोबरच्या तारखेला ईद होऊन आठवडा झालेला असणार होता, मुलं घरोघरची पक्वान्नं खाऊन ताजीतवानी.

त्या फळ्यासमोर माझे कान तापले. त्यांच्यात अधिक महिना नसतो. त्यांचं वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत राहतं, त्याला अडवायला धोंडा मध्ये येत नाही. ही गोष्ट शाळकरी पोरालाही माहीत असते आणि मी संख्याशास्त्राची बाई. मी अख्ख्या जगाचं पंचांग पुण्याहून चालतं असं धरलं होतं.

घरी येऊन मी हे सगळं तावातावाने सांगितलं. नवरा हसला, त्याच्यावर मी चिडले. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. वहीतून डोकं वर न काढता ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बट आई, यू नेव्हर आस्क हिम मेह?"

तिच्यावर चिडायचंही राहून गेलं. खरंच विचारलं नव्हतं. माझ्याबरोबर एकाच डब्यात बसून घरी येणाऱ्या माणसाला, जो लहानपणापासून रोजे धरत आलाय त्याला, रोजे कधी आहेत हे मी विचारलं नव्हतं. मी पुण्याला फोन लावला होता.

संध्याकाळी कोचच्या ब्लॉकखाली गेले. ते तिथल्या दगडी बाकावर गुडघा चोळत बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं कबूल केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला माहीत आहे, मॅडम."

"कधीपासून?"

"तुम्ही कागद दिलात तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत तुम्ही?" मी जवळजवळ ओरडलेच. चूक माझी आणि पारा माझाच चढलेला.

ते उठले. "बसा," म्हणाले, "कॉफी आणतो." मला ते टाळणं फार लागलं. एवढी मोठी चूक दिसूनही माणूस गप्प बसतो, म्हणजे त्याला माझी फजिती बघायची होती की काय, असंही क्षणभर वाटून गेलं. आता लिहितानाही त्या विचाराची लाज वाटते.

मी हाँगकाँगला लिहिलं, विनवण्या केल्या. त्यांचा बँकॉकचा सामना ठरून गेला होता, तारीख हलणार नव्हती. मग मीच कोचना म्हटलं, "रद्द करू या. रोजे धरून या संघाशी खेळायचं म्हणजे आठ-दहा गोल होतील. मी प्रिन्सिपलना सांगते चूक माझी." चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "नो, मॅडम. रद्द नाही."

नवी मुलं आली, मोसम सुरू झाला. त्या वर्षी आमच्या अकरातले सात रोजे धरणारे. कोचनी त्यांना गोळा करून सांगितलं, ज्याला त्या दिवशी खेळायचं नसेल त्याने खुशाल सांगावं, पुढच्या सामन्यात त्याची जागा जाणार नाही. एकानेही सांगितलं नाही. माझ्या हातात उरलं होतं ते मी केलं. दुपारी तीनचा सामना भांडून पाचवर नेला, म्हणजे संपताच थोड्या वेळात त्यांना रोजा सोडता येईल. डॉक्टर बोलावला. पासिर रिसच्या बाजारातून खजूर, पाण्याच्या बाटल्या, केळी, सगळं स्वतः उचलून आणलं. नवऱ्याने विचारलं, तू एवढी का हमाली करते आहेस. मी पुढची पिशवी उचलली.

सामन्याचा दिवस ढगाळ होता, पण दमट इतका की नुसतं उभं राहूनही घाम यावा. पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल झाले. मला वाटलं, झालं, सात नाही तर चौदा होणार. मी डोळे मिटून घेतले. आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि वर दाण्याची आमटी. ही पोरं पहाटेपासून पाण्याच्या थेंबाशिवाय धावत होती, आणि केवळ माझ्या शहाणपणामुळे. मध्यंतरात त्यांनी तोंडावर पाणी मारलं, चूळ भरली आणि थुंकून टाकली. आमच्या संघातल्या चिनी आणि तमिळ मुलांनी बाटल्यांना हातच लावला नाही. ते बघून मी तिथून उठून बसच्या मागे गेले आणि डोळे पुसून परत आले.

दुसऱ्या अर्ध्यात काय झालं ते मला खेळाच्या भाषेत सांगता येणार नाही. आमची मुलं धावणं कमी करून जागा धरून उभी राहिली. हाँगकाँगवाल्यांचा चेंडू येई आणि कुणाच्या तरी छातीला, पायाला लागून परत जाई. एक गोल आणखी झाला. शेवटच्या दहा मिनिटांत आमच्या एका मलय मुलाने लांबून नुसताच पाय घातला आणि चेंडू गोलकीपरच्या बोटांवरून आत गेला. तीन-एक. शिट्टी वाजली तेव्हा आमचे अकराही उभे होते. मग एकेक करून गवतावर आडवे झाले.

कोच रेषेवरच उभे होते. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला नीट दिसलं नाही, कारण ते मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

जवळच्या मशिदीची बांग मैदानापर्यंत येत नव्हती. एका मुलाने छोटा रेडिओ आणला होता, तो लावून सगळे गोल करून बसले. हाँगकाँगची मुलंही कोणी न बोलावता येऊन बसली. मी खजूर वाटत कोचपर्यंत पोचले आणि त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी रोजा सोडला, पाणी प्यायले. मग एवढ्या दिवसांनी, मी न विचारता, माझ्या त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

"त्या दिवशी मी बोललो असतो, मॅडम, तर तुम्ही म्हणाला असता, मग राहू दे, पुढे कधीतरी बघू. पुढे कधीतरी मी नसणार होतो."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ते खोटं झालं असतं. मी तेच म्हटलं असतं. कारण मिळाल्याचा आनंदही झाला असता.

ते गोल करून बसलेल्या मुलांकडे बघत होते. "या पोरांना मी रोज सांगतो, समोरचा कितीही मोठा असो, घाबरायचं नाही," ते म्हणाले. "आणि मी स्वतः तुम्हाला घाबरत होतो."

खजुराचं ताट माझ्या मांडीवर तसंच राहिलं. पलीकडून एका मुलाने मागितलं तेव्हा कुठे मी ते पुढे केलं.