कुमुदच्या दुपारी

कुमुदच्या भाच्याचा, नितीनचा, फोन आला तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. "काकू, आत्या गेली," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, त्रास झाला का? अजिबात नाही, म्हणाला. फोन ठेवला, आणि मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर हायसं वाटलं. जन्माची मैत्रीण जाते आणि आधी सुटल्यासारखं वाटतं, हे कोणाला सांगितलं तर दगडाच्या काळजाची म्हणतील. पण कुमुदची भीती मी जवळून पाहिली होती. ती भीती तिच्याआधीच गेली, हेही फक्त मलाच ठाऊक होतं. आता महिना उलटून गेला. "माह्यामागं लिही. त्याईचं नाव लिहू नको, माहं लिही," असं तिनंच सांगून ठेवलं होतं. म्हणून लिहिते आहे.

कुमुद पाठक सरकारी कार्यालयात लघुलेखिका होती. फिकट सुती साड्या, घट्ट अंबाडा, कपाळावर मुगाएवढी टिकली. वडील लवकर गेले, आई अंथरुणाला खिळली, भाऊ लहान. भावाचं शिक्षण, त्याचं लग्न, आईचं सारं… यात तिचं लग्न राहून गेलं. कोणी ठरवून राहू दिलं असं नाही, राहिलं. दर चतुर्थीला ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून एसटीनं कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जायची. उन्हातान्हातही चुकवायची नाही. आमच्या गल्लीतल्या सासवा सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या.

दर्शन ती घ्यायची, ते खोटं नव्हतं. पायऱ्या उतरून खाली देवापर्यंत जायची, हात जोडायची, वर यायची. पण वर आल्यावर बसस्टँडकडे न वळता ती दुसऱ्या रस्त्याला लागायची. तिथं एक जीप उभी असायची. ती जीप गावाबाहेरच्या एका शेतातल्या बंगल्यावर जायची. बंगला साहेबांचा. साहेब म्हणजे त्या काळी आमच्या जिल्ह्यात ज्यांच्या शब्दावर बदल्या व्हायच्या आणि निवडणुका फिरायच्या, ते. एका बैठकीचा वृत्तांत घ्यायला कुमुदला पाठवलं होतं. साहेब भरभर बोलत होते आणि ही मान वर न करता लिहीत होती. बैठक संपल्यावर ते तिच्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, मी जे बोललो नाही तेही लिहिलं काय तुम्ही?" ती हसली. सुरुवात तिथून झाली, असं तिनं मला पुढं सांगितलं.

सांगितलं ते माझ्या गच्चीवर, कुरडया घालताना. मी हादरले. "कुमुद, त्याईले बायको हाये, लेकरं हायेत."

"हाव."

"मंग?"

"मंग काही नाही. मी मागत नाही काही." सोऱ्या हातात तसाच धरून ती खाली बघत बोलत राहिली. "ते माह्या केसातले आकडे एकेक करून काढतात सिंधू, अन् खिडकीत ठेवतात. काही घाई नाही. केस मोकळे झाले की मानेवर हात ठेवून नुसते बसतात थोडा वेळ. ह्या हातानं मी आईले उचललं, भावाची लेकरं न्हाऊ घातली, हजारो कागद टाइप केले. माह्या अंगाले कोणी हात नव्हता लावला. आपल्याले पाठ हाये, पोटऱ्या हायेत, हे मले त्या खोलीत समजलं." तिचा चेहरा लाल झाला होता, पण तिनं नजर चोरली नाही. चाळिशी ओलांडलेल्या, व्रतवैकल्यं करणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या मानेकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. फार सुंदर मान होती. मी रागावणार होते, ते राहूनच गेलं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेले, सरकारी खरेदी कधी सुरू तर कधी बंद. बाजाराच्या आवारात भरलेल्या बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या आणि माणसं रात्री गाड्यांखालीच झोपायची. माझा मावसभाऊ वसंता राळेगावचा. घरची काळी जमीन, खाऊनपिऊन सुखी. पण स्वस्थ बसणारा नव्हता. कापसाच्या आंदोलनात तो पुढं होता. दारव्ह्याला खरेदी केंद्र बंद पडलं तेव्हा त्यानं गाड्या परत न्यायच्या नाहीत असं ठरवलं, आणि गावोगावचे शेतकरी तिथं ठाण मांडून बसले. मुंबईपर्यंत बोभाटा झाला. साहेब अडचणीत आले.

अशातच चतुर्थी आली. त्या दुपारी मी शाळेत सहावीच्या वर्गावर होते. दारात कुमुद उभी. केस मोकळे, टिकली नाही, पदर कसाबसा ओढलेला. मी तिला पाण्याच्या टाकीमागं नेलं.

"तुह्या वसंताले आजच्या आज निरोप दे," ती म्हणाली. "उद्या दारव्ह्यात गाड्या पेटवणार हायेत. आंदोलनवाल्याईनंच आग लावली म्हणतील अन् साऱ्याईले आत टाकतील."

"तुले कोणं सांगतलं?"

"मी आतल्या खोलीत होती. माणसं अचानक आली. साहेब बाहेरच्या खोलीत गेले, मी आतच बसून राह्यली. सारं ऐकू येऊन राह्यलं होतं." तिनं पदर सारखा केला. "त्याच्यातला एक जण म्हणे, गाड्याईखाली माणसं झोपतात साहेब, त्याईचं काय? अन् सिंधू… ते काहीच बोल्ले नाही. मी वाट पाहून राह्यली. आता नाही म्हणतील, आता म्हणतील. ते बोल्लेच नाही."

माणसं गेल्यावर साहेब आत आले. ती डोकं दुखतं म्हणून उठली, आणि केस न बांधताच निघाली. जीप तिनं बसस्टँडच्या अलीकडेच सोडली.

मी शाळेतून निघाले ती थेट राळेगावची गाडी पकडली. वसंता घरीच भेटला. गावातल्या लोकांना दारव्ह्याला न्यायची जमवाजमव चालली होती. मी सांगितलं. त्यानं विचारलं, "कोणं सांगतलं?" मी म्हटलं, "ते विचारशील तर मी इथूनच परत जाते." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कधीच विचारलं नाही. मरेपर्यंत विचारलं नाही त्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारव्ह्यात आसपासच्या गावांतल्या बाया येऊन बसल्या. गाड्यांच्या मधोमध पाण्यानं भरलेले ड्रम, कळश्या, बादल्या. वसंतानं बातमीदारांना बोलावलं, आणि पोलिसांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलं, "इथं कोणीतरी आग लावणार हाये असं कानावर आलंय. लागली तर आम्ही नाही लावली, हे आत्ताच सांगून ठेवतो." दुपारी एक मोटारगाडी आवाराच्या फाटकाशी आली. आतल्या माणसांनी बाया पाहिल्या, पाणी पाहिलं, कॅमेरे पाहिले. गाडी वळून निघून गेली. काहीच घडलं नाही. जे घडलं नाही त्याची बातमी होत नाही, त्यामुळे कुमुदनं काय केलं हे कोणाला कळायचा प्रश्नच नव्हता. पुढं खरेदी सुरू झाली, गाड्या रिकाम्या झाल्या, माणसं आपापल्या घरी गेली.

खरी परीक्षा पुढच्या चतुर्थीला होती. मी म्हटलं, जाऊ नको. ती म्हणाली, "न गेली तर समजतीलच न." ती गेली. मी दिवसभर कामं चुकवत राहिले. संध्याकाळी ती आली आणि माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसली. "काही बोल्ले नाही," ती म्हणाली. "नेहमीसारखेच होते. आकडे काढले, खिडकीत ठेवले. मले वाटे, आता विचारतील, हात मानेवर असतानाच विचारतील. अन् तरीही सिंधू, मले त्याईचा हात हवा होता." हे सांगताना ती रडली. भीतीनं की लाजेनं, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं. त्यानंतरही ती जात राहिली. ज्या माणसाला आपण फसवलं त्याच्याच कुशीत जायचं, ज्याच्या गप्प बसण्याची किळस आली त्याचीच वाट बघायची, आणि संध्याकाळी घरी येऊन आईची कूस बदलायची. पुढं साहेब निवडणूक हरले, तब्येतीचं कारण सांगून मुलाकडे पुण्याला गेले. जीप यायची बंद झाली. कुमुद तरीही कळंबला जायची. आता फक्त देवाला.

भीती मात्र गेली नाही. दारावर अनोळखी माणूस आला की ती आत जायची. निवृत्तीच्या समारंभात कोणी सहज म्हणालं, "बाईंना सगळ्यांची गुपितं माहीत," तर तिच्या हातातला नारळ पडला.

गेल्या वर्षी, हिवाळ्यात, मी तिच्याकडे बसले होते. फाटकाशी ऑटो थांबला. काठी टेकत, ऑटोवाल्याच्या खांद्याचा आधार घेत एक म्हातारा माणूस पायऱ्या चढला. अर्धांगवायूनं तोंड जरा वाकडं झालेलं. मी ओळखलंच नाही. कुमुदनं ओळखलं. ती आत गेली नाही. खुर्ची पुढं केली, ते बसायच्या आत उभ्याउभ्याच म्हणाली, "दारव्ह्याचं मी सांगतलं होतं."

साहेब सावकाश बसले. "मले माहीत होतं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. आतल्या खोलीत कोण हाये हे त्या माणसाईले माहीत नव्हतं. मले तर होतं न." बोलताना त्यांना कष्ट पडत होते. "त्याईले नाही म्हणाची हिंमत नव्हती माही. मीच पोसलेले लोक होते. पण मी मधलं दार लोटलं नाही कुमुद. लोटता आलं असतं."

मी चहा करायला उठले. परत आले तेव्हा ती त्यांच्या शालीचं टोक नीट करत होती, आणि दोघं कोणाच्या तरी नातवाच्या लग्नाबद्दल बोलत होते.

ते गेल्यावर मी विचारलं, "तुले खरं वाटलं?"

"अर्धं," ती म्हणाली, आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. "म्हाताऱ्यानं तेवढ्यातही स्वतःसाठी थोडं पुण्य ठेवलंच. ठेवू दे. मी घाबरून राह्यली होती अन् तो तिकडं लाजून राह्यला होता. इतकी वर्षं, पाह्य न!" साहेब पुढच्याच उन्हाळ्यात वारले. तिनं ती बातमी शांतपणे ऐकली, आंघोळ केली, आणि मला म्हणाली, आज पुरण करू.

हे सगळं मी नितीनला तेराव्यानंतर सांगितलं. लिहिण्याआधी त्याची परवानगी घ्यायची होती. मला वाटलं होतं, चिडेल. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि शेवटी त्यानं डोळे पुसले. "काकू, मला लहानपणापासून वाटायचं, माझ्या बाबांपायी आत्याच्या आयुष्यात काहीच झालं नाही. बाबांनाही शेवटपर्यंत तेच वाटायचं." मग तो हसला, अगदी तिच्यासारखा. "बरं झालं. लिहा तुम्ही."

घराची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. साहेब येऊन गेल्यापासून कुमुद दुपारी झोपायला लागली होती. आयुष्यभर दुपारी पाठ न टेकलेली बाई जेवण झालं की खिडकीखालच्या खाटेवर आडवी व्हायची, पुढचं दार सताड उघडं टाकून, आणि पार चार वाजेपर्यंत घोरायची. शेवटचीही अशीच झोपली. परवा मी तुळशीला पाणी घालायला गेले. जरा टेकावं म्हणून खाटेवर बसले. चादर तिचीच होती, धुतलेली, उन्हानं गरम झालेली. दार उघडंच होतं. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, शेजारच्या नळाला पाणी आलं… आणि जागी झाले तेव्हा ऊन उतरलं होतं.