बोकडाच्या भुवया

एमोस प्रूइट पेन्सिलीनं चित्रं काढायचा आणि व्हर्ना टिल्सन त्यावर कुंचल्यानं शाई चढवायची. ओहायोतल्या आमच्या गावातून त्यांची ती तळ्याकाठच्या प्राण्यांची व्यंगचित्रपट्टी रोज कितीतरी वर्तमानपत्रांत जायची. बगळ्याच्या मानेची रेघ व्हर्ना एका श्वासात ओढायची. तिथं हात थरथरला की बगळा मेलाच.

१९५३ साली त्या तळ्यावर एक बोकड आला. दिसेल त्याच्या अंगावर पिसवा शोधायचा. कासवालासुद्धा त्यानं सोडलं नाही. पुरावा मागितला की कागद चावत म्हणायचा, "पुरावा माझ्या पोटात आहे!" त्याच्या दाट, काळ्या भुवया पाहून जिथंतिथं कम्युनिस्ट शोधणारे वॉशिंग्टनचे एक सेनेटर कुणालाही आठवले असते. त्या भुवया व्हर्नाच्या हातच्या होत्या. प्रूइटनं नुसत्या दोन रेघा दिल्या होत्या.

आधी लोक हसले. मग दोन वर्तमानपत्रांनी पट्टी बंद केली, आणि खाटीक मांस बांधताना म्हणाला, "जपून हां बाई. बोकड शिंगंही मारतो."

एका दुपारी प्रूइट दाताच्या डॉक्टरकडे गेलेला असताना हॅट घातलेले दोघं स्टुडिओत आले. सरकारी ओळखपत्रं दाखवली. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"या भुवया कुणाची कल्पना?" थोरल्यानं विचारलं.

"बोकडाला भुवया असतातच की," व्हर्ना म्हणाली.

"आमच्या शेतावरच्या बोकडांना नव्हत्या." तो हसला. "बरं, लेलंड मास्तर काय म्हणतात? अजून हायस्कूलमध्ये इतिहासच शिकवतात ना?"

नवऱ्याचं नाव तिनं सांगितलं नव्हतं. ते गेल्यावर तिनं दार लावलं. मग तिनं पांढऱ्या रंगाची बाटली उघडली आणि रविवारच्या पट्टीतली बोकडाची एक भुवई पुसून टाकली.

प्रूइट सुजलेला गाल धरून परतला. चित्र पाहिलं, सगळं ऐकलं. "दुसरीही पूस हवं तर," तो म्हणाला. "मी एकटा जीव, मला बोलायला काय जातं? तू घरी विचार."

जेवताना तिनं विचारलं. लेलंड मित्रांच्या बैठकीत त्या सेनेटरची सालटी काढायचा. आता मात्र तो ताटातले बटाटे कुस्करत होता.

"पूस," तो हळूच म्हणाला. "जूनमध्ये माझ्या नोकरीचा पुढल्या वर्षाचा कागद व्हायचाय, व्हर्ना."

"तूच म्हणायचास ना, कुणीतरी—"

"म्हणायचो. आता पूस म्हणतोय."

सकाळी ती टेबलाशी बसली. भीती गेली नव्हती. पण एका भुवईचा तो बोकड केविलवाणा दिसत होता, आणि त्या नराधमाची कुणाला कीव यावी हे तिला सोसेना. पांढरा रंग वाळला होता. तिनं कुंचला बुडवला आणि त्यावर भुवई पुन्हा काढली, आधीपेक्षा दाट.

रविवारी लेलंडनं वर्तमानपत्र उघडलं. बोकडाच्या दोन्ही भुवया पाहिल्या. मग घडी घालून म्हणाला, "कॉफी दे."

जूनमध्ये शाळेनं त्याला पुन्हा घेतलं नाही. कारण दिलं नाही. भुवयांमुळे, त्याच्या बैठकांमुळे की दुसऱ्याच कशामुळे, हे त्या दोघांना कधीच कळलं नाही, आणि तेच जास्त जाचायचं. तो लाकडाच्या वखारीत हिशेब लिहू लागला. तिला त्यानं बोल लावला नाही, पण बैठकीत जाणं सोडलं ते कायमचं.

पुढल्या वर्षी त्या सेनेटरची टीव्हीवर सगळ्या देशासमोर शोभा झाली. गावातल्या खाणावळीत लोक टेबलं बडवून हसत होते. "व्हर्नाबाई, तुमचा बोकड आपटला!" कुणीतरी ओरडलं. तीही हसायला गेली, पण तिची नजर आधी हसणाऱ्यांवरून फिरली. यातला कोण कुणाला जाऊन सांगेल, ते ती ताडत होती.