कोऱ्या पडद्यावरची सून

दोन आठवड्यांपूर्वी रविवारी, भर दुपारी बारा वाजता, आसेगावात माझ्या अंगावर काटा आला. तो अजून पुरता गेलेला नाही, म्हणून लिहून टाकतोय...

ओळखीच्यांना माहीतच आहे, मी पडेल सिनेमांचा वकील. जो पिक्चर त्याच्या हिरोच्या आईलाही आवडला नाही, त्यावर मी चार-चार पानं लिहितो. यावर माझं घर चालतं, हे सासरच्यांना आजही पटत नाही.

माझं नाव झालं ते एका लेखामुळे. 'विहिरीतली सून' नावाचा भुताचा पिक्चर. लहानपणी आमच्या इंझोरीच्या जत्रेत, टुरिंग टॉकीजच्या तंबूत पाहिलेला. विहिरीत ढकललेली सून पायऱ्या चढून वर येते, पाठमोरी. सासू हाक मारते, ती वळते... आणि तिचा अर्धा चेहरा ओलाचिंब, अर्धा ठणठणीत कोरडा. मधोमध सरळ रेघ.

त्या सीनवर मी लिहिलं, व्हिडिओ केले, लोकांना तो पिक्चर शोधायला लावला. आज त्याचे फॅन आहेत, टी-शर्टसुद्धा निघालेत. माझं पहिलं पुस्तक येतंय, त्याचं पहिलं प्रकरण म्हणजे हाच सीन.

गेल्या महिन्यात त्या पिक्चरची साफ केलेली, पूर्ण प्रिंट नेटवर आली. मी चहा घेऊन थाटात बसलो... आणि तो सीन आलाच नाही! सून विहिरीत पडते, आणि लगेच गावात पोलिसांची जीप शिरते. तीनदा पाहिलं. चहाचं गार पाणी झालं.

मग कमेंट सुरू झाल्या. 'सर, फेकता किती!' ही त्यातली सभ्य. प्रकाशकांचा फोन आला, "ते प्रकरण काढू या का?" इतकी वर्षं लोकांनी माझ्या शब्दावर सिनेमे पाहिले, आणि आता मी खोटारडा ठरणार होतो. खरं सांगतो, फार घाबरलो. आपणच हे सगळं रचलं की काय, असं वाटायला लागलं.

इंझोरीला मोठ्या भावाला फोन लावला. दादा माझं लिखाण वाचत नाही, तसं त्याने मला तोंडावर सांगितलेलं आहे. मी फक्त एवढंच विचारलं, "सून वळते तेव्हा काय दिसतं रे?"

तो म्हणाला, "अर्धं थोबाड ओलं व्हतं ना तिचं. मी आठ दिवस विहिरीवर गेलो नाई, इसरला का?"

जीव भांड्यात पडला... आणि लगेच भीतीही वाटली. मग सीन गेला कुठे? तंबूवाले ऑपरेटर कधीच वारले होते, पण त्यांची बायको रुक्माकाकू आसेगावला लेकीकडे राहते, हे दादाला ठाऊक होतं. त्याच्या मोटारसायकलवर दोघं निघालो.

काकू अंगणात तुरीची डाळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, तर हसायलाच लागल्या.

"तो सीन नव्हताच रे बाप्पा. सून पडते त्याच्या पुढचं रीळच आमच्या पेटीत आलं नव्हतं. लोकायनं तंबू फाडला असता. मंग आमच्या यायनं मशीन तशीच चालू ठेवली, पडदा कोरा, नुसता उजेड. अन् मी माईकवर सांगत व्हती, सून वर येऊन राह्यली, सासूनं हाक मारली... जे सुचलं ते."

"आणि लोक ओरडले नाहीत?"

"एकबी नाई. कोन्याच गावात नाई."

मला हसू यायला हवं होतं. वीस वर्षं मी ज्या सीनच्या लायटिंगचं कौतुक केलं, तो कोरा कपडा होता! पण हसू आलं नाही. मी विचारलं, "काकू, अर्ध्या ओल्या चेहऱ्याचं कसं सुचलं तुम्हाला?"

त्यांचे हात सुपातच थांबले.

"चेहऱ्याचं मी कधी सांगतलंच नाई," त्या म्हणाल्या. "'ते पलटली' म्हटलं का मी माईक बंद करत व्हती."

बाहेर ऊन रणरणत होतं. शेजारी कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. काकूंनी पदर डोक्यावर घेतला आणि हळूच विचारलं, "कोन्ती बाजू ओली दिसली तुमाले?"

"डावी. आपल्या डाव्या हाताकडची," मी आणि दादा एकदमच बोललो.

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "मले उजव्या हाताकडची दिसे. रोजच दिसे. मी यायलेबी कधी बोलली नाई." आणि पुढे, "माईक पडद्याच्या मांगं राहे ना... मी मांगून पाहत व्हती."

तंबूतला पडदा साध्या पांढऱ्या कापडाचा. त्यावर जे काही असेल, ते मागून बघणाऱ्याला उलटं दिसतं. डावं ते उजवं. हे मला कळलं तेव्हा दादा आधीच उठून उन्हात, मोटारसायकलपाशी जाऊन उभा राहिला होता.

तर मित्रांनो, जाहीर कबुली. तो सीन सिनेमात नाही, माझं चुकलं, तुम्ही बरोबर होता. प्रकरण मात्र राहणार आहे, पण आता ते रुक्माकाकूंचं आहे, त्यांच्या नावासकट. माझं सगळं करिअर त्या माउलीने एका माईकवर उभं केलं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. काकू, तुमचे उपकार कसे फेडू...

प्रकाशकांना त्या सीनचा फोटो हवा होता. मी म्हटलं, एक पान कोरं सोडा.

काल प्रूफ आलं. ते कोरं पान मी समोरून बघितलंय. उलटून, उजेडासमोर धरून, मागून बघायची हिंमत अजून झालेली नाही.