विषमतेचं खोकं, लगेजच्या तिकिटासह

सर्व वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सामाजिक विषमता मी स्वतः एका खोक्यात भरून, सुतळीने बांधून, पुण्याहून बुलढाणा जिल्ह्यात पोचवली आहे. ती तिथे आधी नव्हती असं नाही. पण पुस्तकरूपात कमी पडत होती.

त्याचं असं झालं. मोताळा तालुक्यातल्या एका गावातून सुजाता नावाच्या बाईंचा आमच्या वाचक मंडळाला फोन आला. त्या गावातल्या शाळेत तासिकेवर शिकवतात आणि बाहेरून समाजशास्त्रात एम.ए. करतात. एक पेपर मागे राहिला होता, त्याची ही शेवटची संधी. परीक्षा आठवड्यावर आणि हाताशी पुस्तक एकही नाही. आमचं मंडळ दर रविवारी विषमतेवर चर्चा करतं, त्यामुळे पुस्तकांना तोटा नाही. चर्चेला चहा असतो. तो करणाऱ्या बाईंचा कप वेगळ्या फळीवर असतो आणि त्यांचा उल्लेख चर्चेत नेहमी आदराने होतो.

मंडळाने एकमताने ठरवलं की पुस्तकं एकट्या व्यक्तीला देणं बरं दिसत नाही. ती गावच्या वाचनालयाला द्यावीत, म्हणजे समाजाचं भलं होईल. पोचवायला कोण जाणार, असं विचारल्यावर सगळ्यांना आपापले गुडघे आठवले. माझे गुडघे अजून बरे आहेत.

सकाळच्या एस.टी.त मी खोकं घेऊन चढलो. कंडक्टर बुलढाण्याकडचा होता. त्याने खोक्याला पाय लावून पाहिला.

"काय हाय काका यात?"

"सामाजिक विषमता."

"असू द्या. वजन हाय ना? लगेजचं तिकीट लागन."

मी तिकीट काढलं. मंडळाच्या इतक्या वर्षांच्या चर्चेत विषमतेचा भार प्रवाशाने उचलावा की महामंडळाने, हा मुद्दा कधी आलाच नव्हता. जालना मागे पडलं, देऊळगाव राजाच्या पुढे रस्त्याने असे काही हिसके दिले की सुतळी तुटली आणि दोन जाड ग्रंथ शेजारच्या आजींच्या पायावर पडले. आजींनी एक उचलून पिशवीखाली उशासारखा ठेवला आणि चिखलीपर्यंत शांत झोपल्या. या ग्रंथाचा इतका थेट लाभ झालेला दुसरा वाचक माझ्या पाहण्यात नाही.

बुलढाण्याला रात्र काढली. हे शहर उंचावर आहे, हवा गार, आणि स्टँडसमोर आलूबोंडा मिळतो (आपला बटाटेवडाच, पण आत्मविश्वास जास्त). दोन खाल्ले. मग खोलीवर बसून पहिल्यांदाच खोक्यातली पुस्तकं चाळली. मंडळाचा सदस्य असल्यामुळे तोवर तशी गरज पडली नव्हती.

सकाळी जीपने राजूर घाट उतरलो. वळणावळणाला खाली मोताळ्याचा मुलूख दिसत होता. कपाशी फुटलेली, रानं पांढरीशुभ्र. धामणगाव बढेच्या अलीकडे उतरलो, तर फाट्यावर सुजाताबाईंच्या आधी हार घेऊन भाऊसाहेब उभे. भाऊसाहेब म्हणजे गावातले मोठे शेतकरी आणि वाचनालयाचे अध्यक्ष. वाचनालय म्हणजे त्यांच्या बैठकीतलं काचेचं कपाट. कपाटाला कुलूप आणि किल्ली भाऊसाहेबांच्या करगोट्याला.

"पुस्तकं घरी नेऊ देता का?" मी विचारलं.

"छे हो साहेब. वाचून खराब होतात." मग अभिमानाने आत बोट दाखवलं. "माही नात मात्र लय वाचते. किराण्याच्या पुडीचा कागद सोडत नाही. बारावीले हाय."

दुपारी जेवण झालं. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), वर कच्चं तेल. त्या भरिताविषयी मी काहीही वाकडं लिहिणार नाही. हात धुवायला अंगणात आलो, तेव्हा फाटकाबाहेर कडुनिंबाखाली सुजाताबाई दिसल्या. तिशीतल्या, हसऱ्या, खांद्याला शाळेची पिशवी.

"आत या ना," मी म्हणालो.

"येते की. बोलावलं की येते." मग हळूच म्हणाल्या, "सर, मी पुस्तकं मागितली होती, तुम्ही मूर्ती आणली. आता दर्शन होईल, हाती लागणार नाहीत."

"का?"

"मोठे पुढारी येऊन उद्घाटन करतीन, मग बघू म्हणतात. पुढारी येतीन माझी परीक्षा झाल्यावर. मी कपाटातली आधीचीही मागून पाह्यली होती. भाऊसाहेब म्हणले, पोरी, काचेतून नावं वाचून घे."

मला हसू आलं, आणि मग ते नीट गिळताही येईना.

संध्याकाळी अंगणात माझा सत्कार. टेबलावर खोक्यातली पुस्तकं रचलेली. त्यांना हळद-कुंकू, फूल, उदबत्ती, नारळ. जातीच्या उतरंडीवर लिहिलेल्या ग्रंथांवर भाऊसाहेबांच्या धाकट्या भावाने, नानांनी, मनोभावे अक्षता टाकल्या. बसण्याची व्यवस्था चोख होती. सोफ्यावर भाऊसाहेब, नाना आणि मी. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बऱ्यापैकी जमीनवाले. सतरंजीवर थोडी जमीनवाले. आणि कडुनिंबाखाली सुजाताबाई व त्यांच्या बौद्धवस्तीतली माणसं, उभी.

"ती मंडळी तिथं का?" मी भाऊसाहेबांच्या कानात विचारलं.

"आपणहून उभी राह्यतात, साहेब. आमचं काही म्हणणं नाही."

शाल पांघरली गेली, नारळ हातात आला आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माइक घेतला आणि म्हणालो, "आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे. पुस्तकं कपाटात जाण्याआधी अध्यक्षांनी त्यातलं एक पान मोठ्याने वाचायचं." ही पद्धत मी त्याच क्षणी जन्माला घातली होती. "भाऊसाहेबांसारखा खणखणीत आवाज पंचक्रोशीत नाही, असं ऐकतो." हेही मी कुठे ऐकलं नव्हतं. मग एक जाड पुस्तक उघडून त्यांच्या हाती दिलं. पान अर्थातच सहज उघडलं गेलं. रात्री मी तिथे एस.टी.चं तिकीट घालून ठेवलं होतं, इतकंच.

भाऊसाहेब खुलले. चष्मा लावून कीर्तनाच्या थाटात वाचू लागले. पानावर कुठल्याशा खेड्यातल्या सभेचं वर्णन होतं. कोण बाजेवर बसतं, कोण ओट्यावर, कोण खाली जमिनीवर, आणि कोण झाडाखाली उभं राहून ऐकतं. उभं राहणाऱ्यांविषयी विचारलं की गावातले जाणते काय उत्तर देतात, तेही लेखकाने लिहिलं होतं. ते आपणहून तिथे राहतात.

'आपणहून'पाशी भाऊसाहेबांचा आवाज बसला. सोफ्यावर नानांनी पाय आखडून घेतले. सतरंजीवरून कोणीतरी खोकलं. झाडाखालच्या एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, "कोन्या गावचं हाय हे, भाऊसाहेब?"

"गावाचं नाव नाही दिलं," भाऊसाहेब पुटपुटले.

"द्याची गरजच नाही पडली त्याले."

झाडाखाली मनमुराद हशा पिकला. सतरंजीवर थोडा कमी, खुर्च्यांवर जवळजवळ नाही. हसण्याची व्यवस्थाही चोख होती. एवढ्यात दारातून आवाज आला, "आबा, पुढचं पान मी वाचू?" भाऊसाहेबांची नात टेबलावरचं दुसरं पुस्तक उघडून उभी होती. बरंच वाचून झालेलं दिसत होतं.

भाऊसाहेबांनी पुस्तक मिटलं. डोळे मिटले. उघडले. आणि माइकवर जाहीर केलं, "हे सारे ग्रंथ सुजाताबाईले अभ्यासाले द्यावे, असं वाचनालयानं ठरवलं हाय. आज, आत्ताच."

टाळ्या झाल्या. सुजाताबाई फाटकातून आत आल्या. बोलावणं झालं होतं ना. वस्तीतल्या दोघांनी पुस्तकं परत खोक्यात भरून ते उचललं. सुजाताबाईंनी सगळ्यात वरचं पुस्तक उघडून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "सर, कुंकवानं पानं चिकटली. नेमकं हेच प्रकरण परीक्षेले हाय." पण चालताना त्या पानं नखाने सोडवत होत्या आणि वाचत होत्या.

मी दुसऱ्या दिवशी परतलो. खोकं नव्हतं, म्हणून लगेज नव्हतं. शाल आणि नारळ फुकटात आले. खिडकीतून मागे पळणारी कपाशी बघत मी विचार केला, की विषमतेवरची पुस्तकं सांभाळायला आपल्याकडे कपाटं भरपूर आहेत, माझ्या घरीही दोन आहेत.

रविवारी मंडळात वृत्तांत दिला. भाऊसाहेबांचं हृदयपरिवर्तन ऐकून सगळे भारावले. ग्रंथाचं सामर्थ्य, असं अध्यक्ष म्हणाले. एकाने लेख लिहायची धमकी दिली. चहा घेऊन आलेल्या बाई तेवढ्या दारात थांबल्या. "पण एकदम सगळी कशी दिली हो त्यांनी?"

हा प्रश्न त्या अंगणात नानांनीही विचारला होता, सोफ्यावर वाकून, टाळ्या चालू असताना. भाऊसाहेबांनी उत्तर दिलं, पण माइक हातातच आहे हे विसरून. त्यामुळे ते सोफ्याला, खुर्च्यांना, सतरंजीला आणि कडुनिंबाला एकाच वेळी, एकसारखं ऐकू आलं:

"नेऊ दे बाप्पा लवकर, आपली पोट्टी वाचून राह्यली!"